बाहेरची कडी

बार्जवरून, ९ जानेवारी

प्रिय मावशी,

तुला कुणी पाया पडलेलं चालत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. तोही लांबून.

तुझं मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दादा तुला त्याच्या नवव्या मजल्यावर घेऊन गेला आणि ही सगळी बातमी माझ्यापर्यंत पोहोचली तेव्हा तुझे टाकेसुद्धा निघाले होते. रागावली असशील. पण मी पळ काढला नाही गं, या बार्जवर, म्हणजे आमच्या तरंगत्या कामाच्या तळावर, फोन जवळ बाळगायला बंदी आहे. इंधनाचं काम, ठिणगीची भीती. एक फोन ऑफिसात आहे आणि त्याच्यापुढे रांगेत उभं राहिलं की मागचा माणूस आपलं बोलणं ऐकून मान डोलावतो. त्यापेक्षा पत्र बरं. सामानाची बोट येते, तिच्यात कांदे-बटाट्यांच्या पोत्यांवर टपालाची थैली असते. कांद्याचा वास असलेलं का होईना, मोठं पत्र लिही.

तू नेहमी विचारतेस, ‘तू नक्की करतेस काय?’ आणि मी नेहमी टाळते. आज सांगते. टँकर एवढा मोठा असतो की बंदरात मावत नाही. मग खोल समुद्रात एक बोया ठेवायचा. तुझ्या जुन्या घराच्या हॉलएवढा गोल पिवळा डबा समज. तो सहा साखळ्यांनी तळाशी बांधायचा. टँकरने येऊन आपलं नाक त्याला जाड दोराने बांधायचं आणि वारा नेईल तसं त्याच्याभोवती फिरत राहायचं. टँकरमधलं इंधन तरंगत्या पाइपातून बोयात, तिथून समुद्राच्या तळावरच्या पाइपातून किनाऱ्यावरच्या टाक्यांत. हे सगळं कागदावर आखायचं माझं काम. आता ते पाण्यात उतरवताना कुठे चुकलं तर माझा कान पकडता यावा म्हणून मला इथे आणून ठेवलंय.

यात सगळ्यात अवघड काय असेल, तर ढील. लोकांना वाटतं, घट्ट बांधलं की सुरक्षित. घट्ट बांधलेली साखळी पहिल्याच मोठ्या लाटेला तुटते. ती सैल सोडायची, थोडी तळावर लोळू द्यायची. बोया लांब गेला की तिचं वजनच त्याला हळूच परत आणतं.

तू आयुष्यभर लोकांना पोहायला शिकवलंस, आणि तुझी सख्खी भाची पायरीवर कोरडी बसून रडायची. ती आता समुद्रात राहते. हस पोटभर. हाडाला हसण्याने काही होत नाही.

तुझी,
कोरडी

———

नववा मजला, २० जानेवारी

प्रिय कोरडीला,

पत्र मिळालं. कांद्याचा वास नव्हता, डिझेलचा होता.

मी मजेत आहे. दादा आणि सूनबाई मला अगदी तळहातावरच्या फोडासारखं जपतात. नात शाळेतून आली की माझा वॉकर घेऊन घरभर गाडी-गाडी खेळते. मला एक नवीन फोन दिलाय, त्याला तीनच मोठी बटणं आहेत: दादा, सूनबाई आणि अँब्युलन्स. त्यामुळे कुणाला फोन करावा हा प्रश्नच मिटला.

माझ्या खोलीच्या खिडकीला जाळी आहे. जाळीतून खाली, दोन गल्ल्या पलीकडे एका क्लबचा तलाव दिसतो. निळा, एवढासा, पाटीवर सांडलेल्या शाईसारखा. रोज सकाळी लाल टोपीवाले एक गृहस्थ उतरतात. श्वास घेताना मान अशी वर काढतात, जणू आभाळात कुणी हाक मारतंय. मान वर काढली की पाय बुडणार, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी नवव्या मजल्यावरून सांगते, पण आवाज पोहोचत नाही. शिकवणारा काठावर बसून पेपर वाचतो.

आता तुझ्या विषयातलं विचारते. आयुष्यात पहिल्यांदा विचारतेय, म्हणून नीट डोकं लावून उत्तर दे. तुझ्या त्या साखळ्यांचं सगळं कळलं, एक कडी तेवढी कळली नाही. बाहेरची. समज, आतल्या बाजूच्या कड्या कुणी एकेक करून काढून टाकल्या आणि बाहेरची तेवढी ठेवली, तर पुढे काय होतं? आतून ती काढता येते का? तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला हे लगेच कळायला हवं.

जास्त लिहीत नाही. पाकिटावर पत्ता दादा घालणार आहे, आणि पाकीट चिकटवायच्या आधी तो एकदा नजर टाकतो. डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा तो तशीच वाचतो. सवय.

तुझी मावशी

———

बार्जवरून, २ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

अगं, काय प्रश्न विचारलास! मी बार्जभर सांगत सुटले, ‘माझ्या मावशीने बघा काय विचारलंय.’ आमचा डेकवरचा मुकादम म्हणाला, ‘बाईंना नोकरी द्या.’

ऐक. बोयाकडची ती आतली कडी आणि नांगराकडची ती बाहेरची, असं धरू. आतल्या कड्या सतत हलतात, एकमेकींवर घासतात, झिजतात. त्या वेळोवेळी काढून बदलाव्या लागतात, त्यामुळे कुणी त्या काढल्या असतील तर त्यात वावगं काही नाही. बाहेरची कडी मात्र चिखलात खोल गाडलेली असते. ती हलत नाही, झिजत नाही, दिसतसुद्धा नाही. आतून ती काढता येते का? मुळीच नाही, आणि येऊच नये! ती सुटली तर बोया वाहून जाईल, टँकर खडकावर आदळेल. सगळ्यांची सुरक्षितता त्या एका कडीवर आहे. बसवणाऱ्याने ती घट्ट बसवली असेल, तर त्याचे आभार मानायचे आणि निर्धास्त झोपायचं.

समजलं ना? चित्र काढून पाठवलंय. त्यातला मासा तुझ्यासाठी.

इथे मी मात्र कंटाळले आहे. बार्जच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललं की संपलं, मग वळायचं. माझ्या खोलीत दोन पलंग एकावर एक आहेत आणि वरच्या पलंगावर झोपून हात वर केला की छत लागतं. माझी इथली मुदत या महिन्यात संपायची होती, पण पहिला टँकर नीट रिकामा झाल्याशिवाय मला सोडणार नाहीत असं किनाऱ्यावरच्या इंधन-टर्मिनलचे मोठे साहेब म्हणतात. तुझी किती चंगळ आहे बघ. वरून तलाव काय, नात काय, आयतं जेवण काय.

तुझी,
कोरडी

———

नववा मजला, १३ फेब्रुवारी

प्रिय कोरडीला,

तुझं उत्तर वाचून दादा खूश झाला. हसला आणि म्हणाला, ‘बघ आई, इंजिनियरबाईसुद्धा तेच म्हणतायत.’ पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलंय. मासा नातीला आवडला.

मी निर्धास्त आहे. म्हणजे तुझ्या सांगण्याप्रमाणे निर्धास्त झोपते. सकाळी झोपते, दुपारी झोपते. चंगळच आहे.

लाल टोपीवाले गृहस्थ परवा तलावाच्या मध्यावर पोहोचून घाबरले, कसेबसे कडेला आले आणि तिथेच लटकत राहिले. शिकवणाऱ्याचा पेपर वाचून संपला नव्हता. मला खूप रडू आलं. एका अनोळखी माणसाला पोहता येत नाही म्हणून रडणारी बाई तू पाहिली आहेस का? नसशील.

मावशी

———

बार्जवरून, २४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र एवढंसं का? आणि दादाला साखळ्यांत कधीपासून रस? लहानपणी त्याला सायकलची साखळीसुद्धा बसवता यायची नाही, मी बसवून द्यायचे. ‘तेच म्हणतायत’ म्हणजे काय, तो काय म्हणत होता?

रडू आलं हे वाचून मी जरा चपापले. पण ऑपरेशननंतर असं होतं म्हणतात, औषधांमुळे. खात जा नीट.

पहिला टँकर आलाय. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय, म्हणून आज इतकंच.

कोरडी

———

नववा मजला, १ मार्च

कोरडे,

हे पत्र दादाने वाचलेलं नाही. दर शनिवारी माझा पाय हलवायला एक व्यायामवाली बाई येते, तिच्या टॉवेलात गुंडाळून देतेय. पत्ता मी घातलाय. अक्षर वेडंवाकडं आहे, कारण घाईत लिहितेय.

अगं शहाणे, कडी म्हणजे दाराची कडी!

बाहेरच्या जाळीच्या दाराला कडी आहे आणि कडीला कुलूप. सगळे गेले की ते लागतं, संध्याकाळी उघडतं. मी तुला विचारत होते, यातून कशी सुटू? तू मला चित्र काढून सांगितलंस की सुटूच नये, बसवणाऱ्याचे आभार मान. ते चित्र फ्रिजवर लावलंय. मी पाणी प्यायला गेले की माझ्याच भाचीच्या हातचा तो मासा माझ्याकडे बघतो. दादाला पहिल्याच वाचनात कळलं होतं मी काय विचारतेय. तुला नाही कळलं. तुझं डोकं समुद्राच्या तळाशी आहे.

आतल्या कड्यांचंही खरं आहे. एकदा मी न्हाणीघरात कडी लावून शॉवरखाली उभी होते. इतक्या दिवसांनी डोक्यावरून पाणी जात होतं, कान पाण्याने भरले होते, मी तिथेच राहिले. बाहेर हे लोक हाका मारत होते, मला ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी दार फोडलं. मी उभी, अंगावर काही नाही, आणि दारात मुलगा. त्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढल्या. माझ्या खोलीची, संडासाची, सगळ्या. नुसती भोकं राहिलीत. आता मी कपडे बदलते तेव्हा दाराला पाठ टेकून बदलते.

तो वाईट नाही, हे लक्षात ठेव. मारत नाही, ओरडत नाही. औषध वेळेवर देतो, पाय चेपतो. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही. काय सांगायचं, की मुलगा फार काळजी घेतो? लोक म्हणतील, भाग्यवान आहात.

पण मला कोंडलंय, कोरडे. मला श्वास घ्यायला जागा नाही. मला खाली उतरायचंय, जमिनीवर पाय ठेवायचाय, त्या तलावाजवळ जाऊन क्लोरीनचा वास घ्यायचाय. मी तुझ्यापुढे कधी रडले नाही, आज रडतेय. काहीतरी कर. पण जपून कर.

मावशी

———

बार्जवरून, १० मार्च

मावशी,

मी गाढव आहे. तुझं पत्र वाचून मी ते चित्र आठवलं आणि मला माझीच किळस आली.

हे लिहायच्या आधी ऑफिसात जाऊन रांग मोडून दादाला फोन केला. मागे माणसं उभी होती, त्यांनी सगळं ऐकलं, ऐकू दे. मी त्याला तुरुंगाधिकारी म्हणाले. पोलिसांना सांगेन म्हणाले. आणखीही बोलले. त्याने फोन ठेवला.

आता त्याला कळेल. मी इथून सुटले की थेट तुझ्याकडे येते. कुलूप मी स्वतः तोडते.

तुझी,
कोरडी

———

नववा मजला, ८ एप्रिल

तुझं दहा मार्चचं पत्र आईच्या नावे होतं, मी उघडलं. आईला दिलं नाही. त्यानंतर आलेली दोन पत्रंही माझ्याकडे आहेत, न उघडलेली. व्यायामवाल्या बाईंना मी येऊ नका म्हणून सांगितलंय. हे सगळं मीच लिहून कळवतो, म्हणजे तुला फोन करून ओरडावं लागणार नाही.

तू समुद्रात बसून मला तुरुंगाधिकारी म्हणतेस. आईने तुला काय काय सांगितलं नाही ते ऐक. ऑपरेशननंतर तिने दोनदा गॅस चालू ठेवला, एकदा माझी मुलगी घरात होती. मग लिफ्ट दुरुस्तीला बंद होती त्या दिवशी ही वॉकर घेऊन जिन्याने निघाली, कुणाला न सांगता. तलावावर जायचं म्हणे. पाचव्या मजल्याच्या वळणावर बसलेली सापडली. वर येता येईना, खाली जाता येईना, ओठ पांढरे पडलेले. मला बघून म्हणाली, ‘दमले नाही रे, हवा खातेय.’ कुलूप त्यानंतर लागलं. त्याआधी नाही.

न्हाणीघराचं तर ती गंमत म्हणून सांगत असेल. मी दार फोडत होतो तेवढ्या वेळात माझ्या मनाने माझी आई मेली होती. मी तिला उचलायची कशी, कुणाला कळवायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं. दार पडलं आणि ती उभी. मला हसावं की तिला मारावं ते कळेना. मी स्क्रूड्रायव्हर आणून कड्या काढत बसलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मी कामावर असतो आणि दर तासाला माझ्या डोळ्यांपुढे तो पाचवा मजला येतो. तू ये आणि कुलूप तोड. पण मग पुढच्या वेळी ती पडली की तूच ये.

आई माझ्याशी बोलत नाही. जेवते, औषध घेते, बोलत नाही. तुझ्या फोनने एवढं मात्र झालं.

दादा

———

बार्जवरून, १९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून मला लाज वाटली. पाचव्या मजल्याचं मला माहीत नव्हतं. फोनवर जे बोलले ते बोलायला नको होतं. उपकार म्हणून एवढं वाच, आणि पटलं तर मावशीला वाचून दाखव.

पहिला टँकर लागला त्या आठवड्यात इथे अचानक वादळी वारा सुटला. टँकर बांधलेला दोर, माझ्या कमरेएवढा जाड, तुटला. टँकर मागे रेलला आणि सगळा ताण इंधनाच्या पाइपावर आला. आत इंधन होतं, धो धो वाहणारं. त्या पाइपात मध्ये एक जोडणी असते. ती आम्ही मुद्दाम इतरांपेक्षा कच्ची ठेवतो. ठराविक ताण आला की तिचे बोल्ट तुटतात, पाइपाचे दोन भाग होतात आणि त्याच क्षणी दोन्ही बाजूंच्या झडपा आपोआप बंद होतात. मुकादम तिला ‘शहाणी’ म्हणतो. त्या दिवशी शहाणी तुटली. मी कठड्याला धरून बघत होते. पाइपाची दोन टोकं लांब लांब गेली आणि पाण्यावर एक थेंबसुद्धा तरंगला नाही.

मोठे साहेब माझ्यावर उखडले. काम थांबलं, टँकर खोळंबला. म्हणाले, ‘बोल्ट जाड घाला, पुन्हा तुटायला नको.’ मी म्हटलं, ‘साहेब, हिसका तर बसणारच. शहाणी नाही तुटली, तर पाइप फुटेल, आणि कुठे फुटेल ते आपल्या हातात नसेल.’ त्यांना पटलेलं नाही. जाड बोल्टांच्या आराखड्यावर सही करेपर्यंत मला बार्जवरून सोडणार नाहीत. मी सही करत नाही. म्हणजे मीही अडकलेलीच आहे रे, माझी कडी माझ्याच हातातल्या पेनात आहे.

तू मावशीवर जाड बोल्ट घातलेत. प्रेमाने घातलेत, मला कळलं. पण ताण गेला कुठे? ती जिन्यावर तुटली, न्हाणीघरात तुटली, आता तिचं बोलणं तुटलं. प्रत्येक वेळी नको तिथे. आणि माझा फोन हाही एक हिसकाच होता, त्याने तिची शनिवारची बाई तुटली.

तुम्ही दोघं समोरासमोर बसा. कुठे तुटायचं ते आधी ठरवा, आणि दोन्ही बाजूंनी झडपा बंद ठेवा. मला यापुढचं सांगता येत नाही. मला फक्त पाइपांचं कळतं.

कोरडी

———

तळमजला, २१ जून

प्रिय कोरडीला,

वरचा पत्ता नीट वाचलास का? पुन्हा वाच.

दादाने तुझं पत्र मला वाचून दाखवलं नाही. शर्टाच्या खिशात घालून फिरत राहिला. शर्ट धुवायला टाकताना सूनबाईने काढून त्याच्या हातात दिलं, त्याने ते दुसऱ्या शर्टात घातलं. मला वाटलं ऑफिसचं काही असेल. मग एका रविवारी सगळे टेबलाशी बसलो होतो, त्याने ते पत्र आणि तुझी दडवलेली पत्रं माझ्या ताटाजवळ ठेवली आणि स्वतः उठून खिडकीशी उभा राहिला. मी तिथेच वाचलं. शहाणीपर्यंत आले आणि मला चष्मा पुसावा लागला.

मी कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलले. म्हटलं, ‘अरे, काहीतरी तुटणारच आहे. तर घर तुटू दे, आपण नको तुटूया. मला खाली खोली बघ.’

बाई गं, त्याचा चेहरा! त्याच्या ओठांवर आलं होतं, ‘मग पडलीस तर मला कळवू नकोस.’ मी त्याची आई, मला ओठ वाचता येतात. त्याने ते गिळलं. माझ्याही जिभेवर होतं, ‘तुझ्या बापानेसुद्धा मला कधी कोंडलं नव्हतं.’ मीही गिळलं. घशात अडकलं, पाणी प्यावं लागलं. नात म्हणाली, ‘तुम्ही दोघं असे मासे का झालात?’ आम्ही तोंड उघडून मिटत होतो म्हणून. तुझ्या झडपा त्या याच असाव्यात.

खोली क्लबच्या मागच्या गल्लीत आहे. एक पायरी, एक पलंग, एक खिडकी, जाळी नाही. गॅस नाही, विजेची शेगडी आहे, आपोआप बंद होणारी. ही अट त्याची होती, मी मान्य केली. व्यायामवाली बाई परत येते. दादा रोज संध्याकाळी येतो आणि ‘इकडून चाललो होतो’ म्हणतो. त्याचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला आहे. मी चहा ठेवते.

आणि ऐक. मी तलावावर जाते! पाण्यात उतरायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नाही, पण काठावर खुर्ची टाकून ओरडायला मांडीचं हाड लागत नाही. क्लबवाल्यांनी आधी कुरकुर केली, आता नवशिके माझ्याच खुर्चीसमोर येऊन थांबतात. पेपरवाला शिकवणारा माझ्यावर फुगलाय. लाल टोपीवाल्यांना पहिल्याच दिवशी म्हटलं, ‘अहो, मान खाली, पाय वर, वर काय बघताय?’ ते म्हणाले, ‘तुम्ही कोण?’ मी नवव्या मजल्याकडे बोट दाखवलं. सूनबाई सांगते, सकाळी दादा चहा घेऊन माझ्या जुन्या खिडकीत उभा असतो. आता जाळीतून तो बघतो.

तुझ्या मोठ्या साहेबांनी अखेर जुनेच बोल्ट मान्य केले आणि पुढच्या महिन्यात तू सुटतेस, हे तुझ्या परवाच्या पत्रात वाचून मी खुर्चीत उडी मारली. पाय दुखला. ये. या खेपेला कोरडी परत जाणार नाहीस, कपडे घेऊन ये.

एक सांगायचं राहिलं. या खोलीच्या दाराला कडी नव्हती. परवा दादा हत्यारांची पेटी घेऊन आला. खाली बसून भोकं पाडली, स्क्रू पिळले. तुला माहीत आहे त्याचा हात कसा आहे ते, कडी दोनदा वाकडी बसली, दोनदा काढली. घामाघूम झाला. मी म्हटलं, ‘सुताराला बोलावू.’ म्हणाला, ‘नको, काढल्या मी होत्या.’

झाल्यावर तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बाहेरून म्हणाला, ‘आई, लावून बघ.’

मी लावली. खट्ट आवाज झाला. कितीतरी महिन्यांत मी असा आवाज केला नव्हता. मी तिथेच कडीवर हात ठेवून उभी राहिले. बाहेर काहीच आवाज नव्हता. हाक नाही, थाप नाही. लाकडापलीकडे त्याचा श्वास मात्र ऐकू येत होता, जोरजोरात, तो न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा होता तेव्हा असाच असणार. तो उभा राहिला. मीही घाई केली नाही.

मग हळूच म्हणाला, ‘आई, येऊ का आत?’

मी म्हटलं, ‘ये,’ आणि कडी काढली.

मावशी